गोदामाला लागून असलेले शीतगृह: अग्निसुरक्षेसाठी वर्ग कोणता धरावा?

बेदाणाघर

नमस्कार. तासगाव तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने बेदाण्यासाठी स्वतःचे शीतगृह बांधायचे ठरवले आहे. नकाशे जवळजवळ पूर्ण झाले आहेत आणि अग्निशमन विभागाच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करण्यापूर्वी एका मुद्द्यावर आमच्यात एकमत होत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

लोखंडी सांगाड्याचे आणि पत्र्याच्या छताचे सुमारे १,८०० चौरस मीटरचे एकमजली गोदाम आहे. त्याच्या पूर्वेला भिंतीला भिंत लावून १,००० टन क्षमतेचे शीतगृह येईल. त्यात चार चेंबर असून मिळून साधारण ६०० चौरस मीटर जागा, आत सहा मीटर उंची आणि तापमान चार-पाच अंश राहील. भिंती आणि छत पफ पॅनेलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या पॅनेलचे आहे. चेंबरसमोरच्या अँटेरूममधून (दारापुढच्या मधल्या खोलीतून) माल थेट गोदामात यावा, ट्रॉली बाहेर उन्हात काढावी लागू नये, अशी रचना आहे. शीतकरण अमोनियावर असून यंत्रणेत एक ते दीड टन अमोनिया असेल आणि मशीन रूम शीतगृहाच्या मागे आहे. गोदामाच्या उत्तरेकडील सुमारे ४०० चौरस मीटर जागेत बेदाणा निवडणे, प्रतवारी आणि पॅकिंग चालेल, तेथे हंगामात साठ-सत्तर महिला कामाला असतात. उरलेल्या जागेत रिकामे बॉक्स आणि सभासदांसाठी खरेदी केलेली खते व औषधे राहतील.

आमचे वास्तुविशारद म्हणतात की सगळी इमारत साठवणुकीच्या, म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या 'एच' गटात दाखवावी. विम्यासाठी पाहणी करून गेलेल्या सर्वेक्षकांच्या मते अमोनियामुळे ती धोकादायक, म्हणजे 'जे' गटात जाते. शेजारच्या गावातील एक शीतगृहचालक सांगतात की गारठ्यात आणि ओलाव्यात पेटण्यासारखे काही नसते, त्यामुळे शीतगृहाचा भाग कमी जोखमीचा म्हणून वेगळा काढून घ्यावा. तिघांचेही म्हणणे ऐकल्यावर कोणत्या आधारावर निर्णय घ्यावा, हे समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केंद्र_अधिकारी_निवृत्त

आपण बांधकामापूर्वी विचारत आहात, हे फार बरे केले. बहुतेक प्रकरणांत हा प्रश्न पॅनेल उभे राहिल्यावर येतो आणि मग सुधारणेला जागाच उरत नाही.

प्रथम मूळ वर्गाविषयी. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या चौथ्या भागात इमारतींचे वापरानुसार गट पाडले आहेत. त्यांत 'जी' गट उद्योगांचा, 'एच' साठवणुकीचा आणि 'जे' धोकादायक वापराचा आहे. 'एच' गटाच्या उदाहरणांत गोदामांबरोबर शीतगृहांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे शीतगृह गोदामापेक्षा वेगळ्या आणि हलक्या गटात जाते, ही समजूत संहितेला धरून नाही. दोन्ही एकाच गटातील आहेत, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मुळे संहितेतील किमान उपाययोजना आपल्याकडे बंधनकारक आहेत.

मात्र 'एच' गटाच्या व्याख्येत एक अट आहे, ती आपल्या प्रकरणाला थेट लागू पडते. साठवणुकीच्या इमारतीत क्षेत्रफळाच्या मानाने माणसे थोडी असतात, हे गृहीत धरून या गटाचे नियम बेतलेले आहेत आणि माणसांची संख्या इतर वापरांइतकी वाढली तर वर्ग बदलतो, असे संहिता सांगते. साठवणुकीसाठी दर ३० चौरस मीटरला एक माणूस धरतात. त्या हिशोबाने आपल्या ४०० चौरस मीटरच्या पॅकिंग विभागात तेरा-चौदा माणसे येतात. उद्योगासाठी दर १० चौरस मीटरला एक धरतात, तरीही चाळीसच होतात. प्रत्यक्षात तेथे साठ-सत्तर महिला बसणार आहेत. तेव्हा तो भाग 'जी' गटातला म्हणून स्वतंत्र दाखवा आणि बाहेर पडण्याच्या वाटांचे गणित कोष्टकावरून न करता प्रत्यक्ष संख्येवरून करा. त्या विभागाची दारे बिजागरीची आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. रोलिंग शटर किंवा सरकते दार बाहेर पडण्याची वाट म्हणून धरले जात नाही. पॅकिंगच्या बायका शटरजवळच बसतात म्हणून ते पुरेसे आहे, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पण वीज गेलेली असताना किंवा समोर ट्रक अगदी खेटून उभा असताना शटरचा उपयोग होत नाही.

एका इमारतीत अनेक वापर असतील तर नियम असा, की जास्त जोखमीच्या वापराचे निकष सगळ्या इमारतीला लागतात. जास्त जोखमीचा भाग संहितेने ठरवलेल्या अग्निरोधक क्षमतेच्या भिंतीने तोडलेला असेल, तरच भाग वेगवेगळे धरता येतात. मुख्य कामाला पूरक असलेला किरकोळ वापर मात्र मुख्य वापरातच मोजला जातो. म्हणजे आपल्या प्रकरणात खरा निर्णय गोदाम आणि शीतगृह यांच्यामधल्या भिंतीचा आहे. ती नकाशावर कशी दाखवता आणि प्रत्यक्षात कशी बांधता, यावर बाकीचे सर्व अवलंबून राहील.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती सांगतो, आणि ती अमोनिया नाही. आपण 'खते व औषधे' एवढेच लिहिले आहे. द्राक्षपट्ट्यातील गोदामात गंधक असतेच आणि विद्राव्य खतांत १३:०:४५ हमखास असते. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला ऑक्सिजन पुरवते. गंधक, पोटॅशियम नायट्रेट आणि कोळसा हे काळ्या बारुदीचे तीन घटक आहेत. त्यांतले दोन आपण एकाच पत्र्याखाली, कागदी बॉक्सच्या थप्पीशेजारी ठेवणार आहात. पोती फुटतात, झाडलोटीत दोन्हींची भुकटी एकत्र होते, आणि गंधक पेटले तर निघणारा सल्फर डायऑक्साइड पॅकिंगमधल्या माणसांना दारापर्यंतही जाऊ देत नाही. आपली इमारत 'जे' गटाकडे ढकलली गेली तर या मालामुळे जाईल. तेव्हा गंधक आणि नायट्रेटयुक्त खते या इमारतीत ठेवूच नका. त्यांच्यासाठी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र, हवेशीर, पक्क्या खोल्या बांधा. त्यांचा खर्च आपल्या प्रकल्पात फारसा जाणवणार नाही आणि मुख्य इमारतीच्या वर्गाचा वाद बऱ्याच अंशी मिटेल.

प्लांटरूम

अमोनियाच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मी शीतकरण यंत्रणांच्याच कामात आहे.

सर्वेक्षकांचे म्हणणे निराधार नाही. 'जे' गटाच्या वर्णनात ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरहून अधिक दाबाखाली आणि ७० घनमीटरहून अधिक प्रमाणात साठवलेल्या वायूंची यादी आहे, आणि त्या यादीत अमोनियाचे नाव आहे. ७० घनमीटर अमोनिया वायुरूपात मोजला तर वजन सुमारे ५० किलो भरते. हे वाक्य शब्दशः लावले तर देशातले बहुतेक प्रत्येक अमोनियावरचे शीतगृह 'जे' गटात जाईल, आणि मग त्याच संहितेने शीतगृहे 'एच' गटात घातली त्याला काही अर्थ उरणार नाही. म्हणून माझ्या मते बंद चक्रात फिरणारा अमोनिया हा शीतगृहाच्या मुख्य वापराला पूरक धरावा आणि मशीन रूम वेगळी तोडावी, हे वाचन अधिक सुसंगत आहे. पण भरलेले जादा सिलिंडर मशीन रूमच्या कोपऱ्यात उभे करून ठेवण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती मात्र सरळसरळ साठवण आहे. ते सिलिंडर तेथे ठेवले तर सर्वेक्षकांचे म्हणणे खोडता येणार नाही. घातक रसायनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत अमोनियासाठी ६० टनांची खालची मर्यादा आहे. आपला दीड टन तिच्यापासून फार दूर आहे, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही.

अमोनियाचा धोका मुख्यतः श्वासाचा आहे. हवेत साधारण १५ ते २८ टक्के प्रमाण झाले तरच तो पेटतो, आणि पेटण्यासाठी सुमारे ६५० अंश तापमान लागते. उलट ३०० पीपीएम, म्हणजे शेकडा ०.०३ इतक्या प्रमाणालाच तो जिवाला तातडीचा धोका मानला जातो. तरीही बंद खोलीत गळती झाली आणि हवा खेळती नसली तर पेटण्याचे प्रमाण गाठले जाऊ शकते. म्हणून मशीन रूमला पॅकिंग विभागाकडे किंवा अँटेरूमकडे उघडणारे दार नको. दार थेट बाहेर उघडावे. एक्झॉस्ट पंखा उंचावर हवा, कारण वायुरूप अमोनिया हवेपेक्षा हलका असतो. पंख्याचे आणि कॉम्प्रेसर बंद करण्याचे बटण दाराबाहेर हवे. गळती ओळखणारा सेन्सर त्या पंख्याला जोडलेला असावा. आपल्या रचनेत मशीन रूम शीतगृहाच्या मागे आहे, हे चांगले आहे. फक्त उन्हाळ्यात, म्हणजे बेदाण्याच्या ऐन हंगामात, वारा तिकडून पॅकिंगकडे वाहतो का ते जागेवर उभे राहून पाहा.

येथे येणाऱ्या अग्निशमन जवानांनाही एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. हवेत पसरलेल्या अमोनियावर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो, कारण तो पाण्यात झपाट्याने विरघळतो. पण जमिनीवर साचलेल्या द्रवरूप अमोनियावर पाणी मारले तर तो उसळून उकळतो आणि ढग वाढतो. मशीन रूमच्या दारावर ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा.

बेदाणाघर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गंधक आणि १३:०:४५ हे दोन्ही आमच्या यादीत होते. आता त्यांच्यासाठी वेगळ्या खोल्या काढायचे ठरवत आहोत. 'गारठ्यात पेटत नाही' या म्हणण्यावर अजून खुलासा हवा आहे, कारण संचालक मंडळातील काही जणांना ते पटलेले आहे आणि त्यामुळे शीतगृहात स्प्रिंकलरचा (आग लागताच छतावरून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) खर्च कशाला, असे ते विचारतात.

केंद्र_अधिकारी_निवृत्त

संचालकांना आधी मालाचाच हिशोब दाखवा. बेदाण्यात किलोमागे सुमारे १२ मेगाज्यूल ऊर्जा असते. १,००० टन माल ६०० चौरस मीटरमध्ये रचला, तर दर चौरस मीटरला सुमारे २०,००० मेगाज्यूल होतात. लाकडाच्या भाषेत सांगायचे तर दर चौरस मीटरवर अकराशे किलो लाकूड रचून ठेवल्यासारखे आहे. बेदाणा सहजासहजी पेट घेत नाही हे खरे, परंतु कागदी बॉक्स, आतली प्लास्टिकची पिशवी आणि लाकडी पॅलेट पेट घेतात, आणि एकदा रचलेल्या थप्पीने पेट घेतला की चार अंश तापमानाचा काहीही अडथळा होत नाही. यंत्रणेने थंड केलेली हवा सहसा कोरडी असते, त्यामुळे ओलाव्यावरही भिस्त ठेवता येत नाही.

दुसरा हिशोब पॅनेलचा आहे. १०० मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलमध्ये दर चौरस मीटरला साधारण चार किलो फोम असतो, म्हणजे सुमारे शंभर मेगाज्यूल. मालाच्या तुलनेत हा आकडा अगदी क्षुल्लक दिसतो आणि त्यामुळेच फसवतो. पॅनेल जळाऊ मालात फारशी भर घालत नाही, ते आगीला वाट करून देते. दोन पत्र्यांच्या मधून आग बाहेरून न दिसता सरकते. पत्र्यावर मारलेले पाणी फोमपर्यंत पोहोचत नाही. काही वेळाने पत्रा सुटून खाली येतो आणि विषारी धूर कोंडतो. दक्षिण कोरियातील इचॉन येथे जानेवारी २००८ मध्ये शीतगोदामाच्या आगीत ४० कामगार गेले. त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये बांधकाम चालू असलेल्या, शीतगृह असलेल्या गोदामात ३८ जण गेले. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोम होता. २०२० च्या वेळी त्या इमारतीत एक किलोही माल भरलेला नव्हता. थंडी नव्हती, माल नव्हता, तरी इतकी माणसे गेली, हे संचालक मंडळाला आवर्जून सांगा. त्यातूनच बांधकामाच्या काळातील नियमही निघतो. फोमचे काम चालू असताना किंवा पॅनेल उघडे असताना त्या भागात वेल्डिंग-कटिंग होता कामा नये. पाइपिंगची घाई असली तरी नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे ३ डिसेंबर १९९९ रोजी एका बंद पडलेल्या शीतगृहात सहा अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. खिडक्या नाहीत, भिंतींवर जाड रोधक थर, आत धूर दाटलेला, आणि बाहेर पडायची वाट सापडेना. शीतगृहाची रचनाच अशी असते की आत काय चालले आहे ते बाहेरच्याला कळत नाही. ज्यांना आपण तेथे बोलावणार आहोत त्यांचा विचार करून प्रत्येक चेंबरचे दार आतून उघडणारे, आत अडकलेल्या माणसासाठी अलार्म आणि अँटेरूमला बाहेर जाणारे स्वतंत्र दार, एवढे तरी करावेच.

नकाशा_आणि_नियम

मी वास्तुविशारद आहे. वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत असूनही मधल्या भिंतीविषयी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते.

नकाशावर 'अग्निरोधक भिंत' असे लिहून जाड रेघ ओढली म्हणजे ती भिंत होत नाही. आपल्याकडे अशा प्रकल्पांत नेहमी काय होते ते पाहा. भिंत विटांची आणि भक्कम असते, पण ती पत्र्याच्या छताखाली दोन-तीन फुटांवर थांबते, कारण वरून सांगाड्याच्या आडव्या कैच्या जातात. ती फट पुढे पत्र्याच्या पट्टीने झाकतात. आग छताखालून त्या फटीतून पलीकडे जाते आणि खालच्या विटांचा काहीच उपयोग होत नाही. भिंत छत भेदून वर गेली पाहिजे आणि दोन्ही बाजूंचे सांगाडे स्वतंत्र असले पाहिजेत. उघडे पोलाद ५५० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते, त्यामुळे गोदामाचा सांगाडा कोसळताना सामायिक खांबामार्फत भिंतीला आपल्याबरोबर ओढतो.

याच कारणाने माझी सूचना अशी आहे की दोन इमारती सरळ वेगळ्या कराव्यात, मध्ये मोकळी जागा सोडावी आणि त्यावरून फक्त न जळणारे छत असलेली जोडवाट न्यावी. माल उन्हात येत नाही आणि भिंतीविषयीचा वादही उरत नाही. जागा कमी असेल तर भिंत करा, पण मग ती पूर्ण करा.

केंद्र_अधिकारी_निवृत्त

जागा असेल तर मोकळे अंतर केव्हाही चांगले, यात दुमत नाही. मात्र जोडवाटेखाली हंगामात बॉक्सच्या थप्प्या लागतात आणि वर्षभरात ती जागा तिसरे गोदाम होऊन बसते, हेही मी पाहिले आहे. तेथे एक वस्तूही ठेवणार नाही याची खात्री कंपनी देऊ शकत नसेल, तर छतापलीकडे गेलेली भिंत आणि तिच्यात आपोआप बंद होणारे अग्निरोधक दार हा पर्याय मला अधिक विश्वासाचा वाटतो.

ह्यूस्टनकर

तुलनेसाठी थोडेसे. मी येथे गोदामांच्या अग्निसुरक्षेचे काम करतो. अमेरिकेतील संहितेत साठवणुकीचे मध्यम आणि कमी जोखमीचे असे दोन उपगट आहेत आणि त्यांतला कोणता लागू होईल हे मालावरून व वेष्टनावरून ठरते. गोठवलेले अन्न कमी जोखमीत येते. पण माल बारा फुटांहून, म्हणजे सुमारे ३.६६ मीटरहून उंच रचला की उपगट कोणताही असो, उंच साठवणुकीचे वेगळे नियम लागतात. आपल्या सहा मीटरच्या चेंबरमध्ये रॅक असतील, तर भारतीय संहितेत गटाचे अक्षर काहीही येवो, स्प्रिंकलरची रचना मात्र रॅकच्या उंचीप्रमाणे करून घ्या. छतावरच्या स्प्रिंकलरचे पाणी खालच्या पॅलेटपर्यंत पोहोचतच नाही, असे पुष्कळदा होते.

प्लांटरूम

स्प्रिंकलरविषयी ह्यूस्टनकरांच्या म्हणण्यात भर घालतो. पाण्याने भरलेल्या पाइपसाठी परिसराचे तापमान ४ अंशांखाली जाता कामा नये. आपला चेंबर चार-पाच अंशांवर, म्हणजे नेमका सीमेवर आहे. शिवाय एखाद्या वर्षी ताजी द्राक्षे ठेवायची म्हटले तर तापमान शून्याजवळ न्यावे लागेल. त्यामुळे आधीपासूनच कोरड्या पाइपची (एरवी पाइपमध्ये पाण्याऐवजी दाबाखाली हवा असते) किंवा प्री-ॲक्शन (आगीची सूचना मिळाल्यावरच पाइपमध्ये पाणी सोडणारी) पद्धत धरा. कोरड्या पाइपमध्ये हवा निघून पाणी पोहोचायला वेळ जातो, तेवढ्यात आग पसरते, म्हणून पाणी किती क्षेत्रावर पडेल याचा हिशोब ३० टक्क्यांनी वाढवून धरतात. टाकी आणि पंप त्याप्रमाणे मोठे लागतात. हा आकडा आता धरला नाही तर नंतर टाकी बदलावी लागेल. पाइपमध्ये भरलेली हवाही ड्रायरमधून गेलेली हवी, नाहीतर तिच्यातल्या दमटपणाचा आत बर्फ साचून पाइप तुंबतो आणि ऐन वेळी पाणी येत नाही.

आणखी एक बारकावा. पफ पॅनेलमधून जाणाऱ्या विजेच्या वायरी धातूच्या नळीतून न्या आणि दाराच्या चौकटीच्या हीटरची जोडणी पॅनेलच्या पोटात लपवू नका. कालांतराने त्या जागी फोम काळपट होत जातो आणि बाहेरून पत्रा अगदी स्वच्छ दिसतो. खर्च झेपत असेल तर मधल्या भिंतीलगतचे आणि मशीन रूमला चिकटलेले पॅनेल रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या तंतूंचा गाभा असलेले) घ्या. जाडी वाढेल, पण तो गाभा जळत नाही.

बेदाणाघर

अत्यंत उपयुक्त माहिती मिळाली. जागेअभावी आम्ही भिंतीचाच पर्याय घेत आहोत. शेवटचा प्रश्न: अर्जात वर्ग नेमका कसा लिहावा, आणि कारखाना म्हणून काही वेगळे करावे लागेल का?

केंद्र_अधिकारी_निवृत्त

एकच अक्षर लिहू नका. गोदाम व शीतगृह 'एच', पॅकिंग विभाग 'जी', मशीन रूम शीतगृहाला पूरक पण वेगळी तोडलेली, आणि गंधक व नायट्रेट खतांच्या खोल्या स्वतंत्र इमारती, असे भागवार लिहा. प्रत्येक भागापुढे मालाचे नाव, रचण्याची उंची आणि जास्तीत जास्त माणसे नमूद करा. पॅकिंग आणि साठवण यांमधली भिंतही त्याच पद्धतीने दाखवा, कारण 'जी' भाग वेगळा धरला जावा असे वाटत असेल तर तीही तितकीच पूर्ण असावी लागेल. साठवणुकीच्या कोणत्याही जागेपासून बाहेरच्या दारापर्यंतचे चालण्याचे अंतर ३० मीटरच्या आत ठेवा आणि ते रॅकमधल्या वाटेने मोजा, सरळ रेषेत नको.

कारखान्याविषयी: कारखाने अधिनियम, १९४८ च्या व्याख्येत शीतगृहात वस्तू साठवणे हीसुद्धा उत्पादन प्रक्रियाच धरली होती, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहिता, २०२० मध्येही तसेच आहे. म्हणजे बांधकाम संहितेच्या दृष्टीने जी साठवण आहे, ती कामगार कायद्याच्या दृष्टीने कारखान्याचे काम ठरू शकते. त्यामुळे कामगारसंख्या सांगून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नकाशे स्वतंत्रपणे दाखवा.

काम पूर्ण झाल्यावर परवानाप्राप्त अभिकरणाकडून नमुना 'अ' चे प्रमाणपत्र घ्यावे लागेल आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना 'ब' चे प्रमाणपत्र सादर करावे लागेल. जुलैच्या तपासणीच्या वेळी चेंबर मालाने भरलेले असतात आणि अभिकरणाचा माणूस दारातूनच पाहून जातो. त्या दिवशी मधल्या भिंतीतले अग्निरोधक दार त्याच्यासमोर सोडून ते आपोआप पूर्ण बंद होते का ते बघा. ट्रॉलीच्या सोयीसाठी त्या दाराखाली विटेचा तुकडा लावलेला आढळला, तर तो लावणाऱ्याला नवे स्प्रिंग बसवेपर्यंत दुसरे काम देऊ नका.